पाण्यात शिरलेली सोंड

अहमदनगर, म्हणजे आता कागदोपत्री अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा. सतरा हजार चौरस किलोमीटरच्या या पसाऱ्यात किल्ले आहेत, साखर कारखाने आहेत, शिर्डी आहे, शनिशिंगणापूर आहे, माळढोक अभयारण्यही आहे. समुद्र तेवढा नाही. त्यामुळे जोडून सुट्टी आली की नगरकर माळशेज नाहीतर ताम्हिणी घाट उतरतो आणि कोकणात जमिनीचं एखादं टोक गाठतो. तिथे तीन बाजूंनी पाणी बघायचं, मासळी खायची आणि रविवारी संध्याकाळी परतीच्या घाटात गाड्यांच्या रांगेत बसून राहायचं, असा सगळा कार्यक्रम ठरलेला असतो.

घाट न उतरता घाटमाथ्यावरच मुक्काम केला तर हेच सगळं जिल्ह्याच्या हद्दीत मिळतं. मासळीसुद्धा, फक्त ती गोड्या पाण्यातली. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचा जलाशय भरला की सह्याद्रीच्या सोंडा त्यात उतरलेल्या दिसतात. पाणी त्यांना तिन्ही बाजूंनी वेढतं आणि मागे एक चिंचोळी वाट जमिनीला जोडलेली राहते. ही द्वीपकल्पं हंगामी आहेत. ऑगस्टात तयार होतात, मार्चपासून विरघळू लागतात आणि मे महिन्यात गेलात तर आपण कुठे उभे होतो ते सापडतही नाही. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते, इथे वर्षातून एकदा. आणि ओहोटी कधी लागायची ते चंद्र ठरवत नाही, पाटबंधारे खातं ठरवतं.

म्हणून भंडारदऱ्याला नगरहून जावं आणि पाण्याच्या उलट दिशेने जावं, असं माझं मत आहे. मुंबई-नाशिकची मंडळी घोटीवरून बारी गावाच्या अंगाने येतात. त्यांना सुरुवातीलाच कळसूबाई दिसतं, मग तळं दिसतं आणि सहल संपते. हे पाणी कुठे जातं ते त्यांच्या वाटेवर कुठेच दिसत नाही. आम्ही नगरहून राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असे गेलो. अंतर दीडशे किलोमीटरच्या थोडं वर.

कोल्हारच्या पुलावर प्रवरा पहिल्यांदा भेटते. ही नदी पुरती नगरी आहे. रतनगडाच्या पोटात उगम आणि प्रवरासंगमला गोदावरीशी भेट, असा तिचा सगळा संसार एकाच जिल्ह्यात होतो. वाटेत नेवासे लागतं. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, तिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. कोल्हारहून लोणीकडे वळलं की दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना सोबत घेऊन इथे शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि १९५० साली त्याची चाकं फिरली. महाराष्ट्राच्या सहकाराची गोष्ट सांगणारे इथूनच सुरुवात करतात. त्या गोष्टीतलं पाणी मात्र वर भंडारदऱ्यात अडवलेलं आहे. संगमनेरजवळ ओझरचा बंधारा आहे आणि त्याच्या डाव्या-उजव्या कालव्यांतून ते खाली येतं. राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे या तालुक्यांचा शेतीचा ताळेबंद या दोन कालव्यांवर उभा आहे.

संगमनेर ओलांडून अकोल्याच्या रस्त्याला लागलं की डोंगर जवळ येऊ लागतात, पण पाऊस अजून नगरीच असतो. अकोले गावात वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पश्चिमेला तास-दीड तासावर घाटघर आहे, आणि तिथे चांगल्या वर्षी चार-पाच हजार मिलिमीटर कोसळतो. एकाच तालुक्यात एवढा फरक. ढग अरबी समुद्रावरून येतात, सह्याद्रीच्या कड्याला धडकून वर चढतात आणि माथ्यावरच रिकामे होतात. पुढे जे सरकतं ते नुसतं आभाळ असतं, आणि कर्जत-जामखेडपर्यंतचा शेतकरी त्या आभाळाकडे बघत बसतो. धरण बांधायला घाटमाथ्यालगतची ही जागा का निवडली, ते गाडीच्या काचेतूनच कळत जातं. आधी पिवळं गवत, मग बांधावर सागाची झाडं, आणि राजूर मागे टाकलं की डोळ्यांत भरणारी भातखाचरं.

राजूरला थांबायचं ते पेढ्यांसाठी. तिथल्या पेढ्याचं नाव जिल्हाभर आहे आणि ते खोटं नाही. इथल्या बाजारपेठेत बसलं की आदिवासी पट्टा सुरू झाल्याचं जाणवतं. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावं आसपास आहेत. बाजारहाट, दवाखाना, सरकारी कचेरी, सगळ्यासाठी लोक इथेच उतरतात. वर्षातून एकदा इथे डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. डांगी ही मुसळधार पावसात चिखलातून भाताची मशागत ओढणारी जात. तिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे पावसाचं पाणी अंगावर ठरत नाही. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे हे बैल पुढे रस्त्यात आडवे येतात आणि हॉर्नला दाद देत नाहीत. गाडी बंद करून वाट बघावी.

राजूरच्या पुढे रस्ता निळवंड्याच्या फुगवट्याच्या कडेकडेने जातो. हेही धरण प्रवरेवरचंच, भंडारदऱ्याच्या खालचं. भंडारदऱ्याची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट आणि निळवंड्याची ८,३२०. हे आकडे पावसाळ्यात नगरच्या वर्तमानपत्रांत रोज पहिल्या पानावर असतात, आणि जिल्ह्यातली शाळकरी पोरंसुद्धा ‘दलघफू’ हा शब्द न अडखळता म्हणतात. निळवंडे प्रकल्प मंजूर झाला १९७० साली आणि त्याच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं ऑक्टोबर २०२३ मध्ये. मधल्या काळात या पाण्यासाठी मोर्चे काढणाऱ्यांची नातवंडं शेती बघू लागली. यावर जास्त काही लिहीत नाही, सुट्टीला निघालो होतो.

शेंडीच्या अलीकडे रंधा धबधबा आहे. प्रवरा इथे पन्नासेक मीटर खोल घळईत उडी घेते. धरणातून पाणी सोडलेलं असेल तर धबधबा, नसेल तर नुसता काळा खडक. कठडे आहेत, आणि ते कठडे का आहेत हे तिथल्या पाट्या स्पष्ट सांगतात. फोटोसाठी त्यांच्या पलीकडे जाणारे तरीही असतातच.

शेंडी हे धरणाच्या कुशीतलं गाव. राहण्याच्या सोयी इथेच एकवटल्या आहेत. पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, खाजगी हॉटेलं आहेत, आणि गेल्या काही वर्षांत गावकऱ्यांनी घरातल्या खोल्या आणि तळ्याकाठचे तंबू भाड्याने द्यायला सुरुवात केली आहे. धरणाची भिंत गावातून दिसते. १९१० साली काम सुरू झालं आणि १९२६ साली ते पूर्ण झालं. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्यावरून ते विल्सन डॅम. मागच्या पाण्याला ज्यांच्यावरून आर्थर लेक म्हणतात ते आर्थर हिल पाटबंधाऱ्याच्या कामातले इंग्रज अभियंता. भिंत दगडी आहे, उंची ८२ मीटर, म्हणजे २७० फूट. तेव्हा देशातल्या सगळ्यात उंच धरणांत तिची गणना होत होती.

पायथ्याच्या बागेत उभं राहून वर बघितलं की भिंतीच्या पाठीला जाडजूड टेकू दिलेले दिसतात. पर्यटक त्यांना मूळ बांधकामाचाच भाग समजतात. हे टेकू नंतरचे आहेत. १९६९ सालच्या सप्टेंबरात, धरण भरलेलं असताना, भिंतीत आडव्या भेगा पडल्या आणि पाण्याच्या चिळकांड्या उडू लागल्या. कोयनेचा भूकंप होऊन दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती, तेव्हा प्रवराकाठच्या गावांची काय अवस्था झाली असेल याचा अंदाज येतो. पाणी कमी करून भिंत सावरली आणि पुढे हे आधार बांधले गेले. शंभरीला आलेली ही भिंत अजून भार पेलते आहे.

भिंतीच्या दारातून पाणी सोडलं की खालच्या गोल खडकावरून ते छत्रीसारखं पसरून पडतं. त्याला ‘अंब्रेला फॉल’ म्हणतात. शनिवार-रविवारी इथे मक्याची कणसं, भजी आणि सेल्फी यांची गर्दी असते. आम्ही मधल्या वारी गेलो होतो, त्यामुळे भज्यांना रांग नव्हती.

इथपर्यंत पाहून बहुतेक लोक परततात. भंडारदऱ्याची खरी गंमत मात्र तळ्याला वळसा घालण्यात आहे. शेंडीहून निघून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल अशी गावं करत पुन्हा धरणाच्या भिंतीवर यायचं. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा फेरा आहे, पण त्याला अख्खा दिवस द्यावा. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. १९८६ साली ते जाहीर झालं. वनखात्याच्या नाक्यावर शुल्क भरून पुढे जायचं. प्लॅस्टिकबद्दल तिथे विचारतात. विचारलं नाही तरी आपण परत आणावं.

मुरशेत सोडलं की डोंगराच्या सोंडा पाण्यात उतरायला लागतात. ऑक्टोबरात खाचरांतला भात पिवळा पडत असतो आणि खाचर संपतं तिथे थेट पाणी लागतं. अशाच एका सोंडेवर आमचा तंबू होता. चिंचोळ्या मानेवरून चालत जायचं. डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी, टोकाला गेलं की समोरही पाणी. उत्तरेला कळसूबाईची रांग, १,६४६ मीटरचं राज्यातलं सर्वोच्च शिखर तिच्यात उठून दिसतं. दक्षिणेला रतनगडाचा कातळ. वारा पश्चिमेकडून येतो आणि लाटा खरोखरच किनाऱ्यावर आपटतात. खारा वास तेवढा नसतो. टोकावर वाळू नाही, लाल-तपकिरी मुरूम आणि दगडगोटे आहेत. नीट पाहिलं तर किनाऱ्याला आडव्या रेघा दिसतात. पाणी थोडंसं उतरलं, तिथे काही दिवस थांबलं, पुन्हा उतरलं. पाटबंधारे खात्याचं आवर्तन म्हणजे शेतीसाठी ठरावीक दिवस सोडलेलं पाणी. त्या आवर्तनांचा हिशेबच किनाऱ्यावर लिहून ठेवलेला असतो.

तंबूवाल्यांच्या घरी जेवण होतं. नागलीची भाकरी, तळ्यातला मासा, हुलग्याचं पिठलं आणि घरच्या तांदळाचा भात. घरधनीण साठीच्या पुढची होती. मी म्हटलं, “मावशी, तुमच्याकडे काय पाणी आहे हो! नशीबवान आहात.” ती वाढता वाढता हसली. “आता भरलंय म्हणून बरं दिसतंय, दादा. शिमग्यानंतर या. मग बघा हंडा घेऊन किती खाली उतरावं लागतं.”

धरण उशाला आणि कोरड घशाला, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. इथे ते अंतर पावलांनी मोजता येतं. पाणी शिवारापेक्षा खाली आहे आणि कालवे धरणाच्या खालून निघतात. म्हणजे ज्या दरीतली जमीन बुडली त्या दरीच्या काठावरच्या शेताला त्याचा थेंब आपसूक मिळत नाही, उपसून आणावा लागतो. काठावरचा शेतकरी पावसाच्या भातावर आणि नागली-वरईवर राहतो, आणि हजारो मिलिमीटर पाऊस झेलूनही त्याच्या वाडीची विहीर उन्हाळ्यात तळ गाठते. खडक कातळाचा, उतार मोठा, पाणी मुरायला जागा नाही. खालच्या भांडणांची चर्चा जास्त होते. नगरचं पाणी मराठवाड्याला द्यायचं की नाही, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा आहे की नाही, समन्यायी वाटपात कुणावर अन्याय झाला, यावर दर दुष्काळी वर्षी न्यायालयापर्यंत वाद जातो. त्या वादात मुतखेल-कोलटेंभ्याचं नाव येत नाही. तळ्याकाठची सुट्टी घालवताना हे माहीत असावं, एवढंच. जेवणाची चव त्याने कमी होत नाही, पण तंबूचं भाडं ठरवताना घासाघीस करायला जीभ रेटत नाही.

उडदावण्यापासून रस्ता चढू लागतो. उजव्या हाताला अलंग, मदन, कुलंग ही किल्ल्यांची तिकडी दिसते. दोर लावल्याशिवाय मदनच्या वाटेला जाऊ नये असं गिर्यारोहक सांगतात, आम्ही दुरूनच नमस्कार केला. मग घाटघर येतं आणि इथे जिल्हाच संपतो, अगदी कड्याने कापल्यासारखा. कोकणकड्यावर उभं राहिलं की पाचशे-सहाशे मीटर खाली ठाणे जिल्ह्यातली शहापूरची गावं नकाशासारखी पसरलेली दिसतात. हवा स्वच्छ असेल तर फार लांबवर एक धूसर पट्टा दिसतो. आमच्यातल्या एकाने तो समुद्र असल्याचं छातीठोकपणे सांगितलं. मला ते धुकं वाटलं. वाद मिटला नाही.

या कड्याच्या अलीकडे पडलेलं पाणी प्रवरेतून गोदावरीत आणि तिच्याबरोबर बंगालच्या उपसागरात जातं, पलीकडे पडलेलं काही तासांत अरबी समुद्राकडे धावतं. ही निसर्गाची वाटणी होती. घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पाने तिच्यात दार उघडलं. वर घाटघरला एक छोटं धरण, खाली कोकणात चोंढ्याला दुसरं, मध्ये चारशे मीटरहून जास्त उंचीचा फरक आणि डोंगराच्या पोटात भुयारी वीजघर. संध्याकाळी राज्यात विजेची मागणी वाढली की वरचं पाणी खाली सोडून २५० मेगावॉट वीज तयार करायची, आणि रात्री वीज स्वस्त झाली की तेच पाणी पंपांनी पुन्हा वर चढवायचं. जितकी वीज मिळते त्यापेक्षा जास्त वर चढवायला लागते, तरीही हा व्यवहार परवडतो, कारण संध्याकाळच्या युनिटचं मोल वेगळं. २००८ साली हा प्रकल्प सुरू झाला. इथली धरणं रोलरने दाबलेल्या काँक्रीटची आहेत आणि या पद्धतीने बांधलेली ती भारतातली पहिली. कड्यावर वारा खात उभ्या असलेल्या पर्यटकांच्या पायाखाली हा सगळा कारभार चालतो आणि वर त्याचा आवाजही येत नाही.

साम्रदला सांदण दरी आहे. जमिनीला पडलेली भेग म्हणावी अशी ही घळ दोनेक किलोमीटर लांब आहे. दोन्ही बाजूंना शेकडो फुटांच्या भिंती, आणि काही जागी रुंदी इतकी कमी की दोघं जण शेजारी-शेजारी चालले तर खांदे घासतात. आत कमरेपर्यंत पाणी लागतं, आणि तिथला गारठा मे महिन्यातही उतरत नाही. पावसाळ्यात आत जायची बंदी असते आणि ती पाळावीच. डोंगरावर कुठेतरी सर आली तरी घळीत लोंढा येतो, आणि पळायला बाजूला जागाच नाही. आम्ही तोंडाशी जाऊन परत फिरलो. समोर आजोबाचा डोंगर पूर्ण दिसत होता, तेवढ्यावर समाधान मानलं. सांदणसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये वेगळा दिवस काढावा आणि गावातला वाटाड्या घ्यावा.

रतनवाडीला मात्र घाई करू नये. शेंडीहून इथे बोटीनेही येता येतं आणि भरल्या तळ्यात तोच प्रवास जास्त सुखाचा आहे. बोट सोंडांच्या मधून वळणं घेत जाते, त्यामुळे किनारा सारखा रूप बदलतो. गावात अमृतेश्वराचं मंदिर आहे, हजारेक वर्षांचं, शिलाहारांच्या काळातलं म्हणून ओळखलं जाणारं. काळ्या दगडाचं शिखर खालपासून वरपर्यंत छोट्या-छोट्या शिखरांच्या ओळींनी घडवलेलं आहे. आतल्या खांबांवर आणि छतावर इतकं कोरीवकाम आहे की मान दुखेपर्यंत बघत राहावं. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. पूजा तरीही चुकत नाही. मंदिराजवळची पुष्करणी अनेकजण न बघताच निघून जातात. पायऱ्या उतरून गेलं की चारी बाजूंना कोनाडे आणि त्यांत विष्णूच्या मूर्ती आहेत. एवढ्या आडबाजूला, घाटवाटांच्या तोंडाशी एवढं कोरीव मंदिर कोणी आणि का बांधलं असेल, असा प्रश्न पडतो. उत्तर बहुधा घाटवाटांतच आहे. कोकणातली बंदरं आणि देशावरची पेठ यांच्यामध्ये मालाची ये-जा या खिंडींतून होत असे, आणि जकात जिथे गोळा होते तिथे देव श्रीमंत होतात.

रतनगड गावाच्या पाठीशीच आहे. १,२९७ मीटर उंच. वाट प्रवरेच्या पात्रातून जाते, ते इथे एका उडीत ओलांडता येतं. ज्या नदीसाठी कोल्हारला एवढा मोठा पूल लागतो ती हीच. वर लोखंडी शिड्या आहेत, आणि माथ्यावर ‘नेढं’ आहे. वाऱ्यापावसाने कातळाला आरपार पडलेलं हे भोक, त्यात बसलं की एका बाजूला कोकण आणि दुसऱ्या बाजूला तळं. सोबत म्हातारी माणसं नसतील आणि पहाटे निघायची तयारी असेल तरच गडाचा बेत करावा. आमच्यातले दोघे गेले. आम्ही उरलेले देवळाच्या पायरीवर बसून त्यांची वाट बघत राहिलो, आणि सुट्टी म्हणतात ती आम्हालाच जास्त मिळाली असं माझं अजूनही मत आहे.

परतीच्या बाजूला कोलटेंभे, मुतखेल ही गावं लागतात. याच मुलखातल्या देवगावचे राघोजी भांगरे. इंग्रजांचा अंमल आणि सावकारांची लूट यांविरुद्ध महादेव कोळ्यांना घेऊन त्यांनी बंड केलं. इंग्रजांनी त्यांना पकडून मे १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. त्याआधीची कित्येक वर्षं सह्याद्रीच्या याच खोऱ्यांनी त्यांना लपवलं. तळ्याकडे बघताना आपल्याला निसर्ग दिसतो, इथल्या माणसाला त्यात वाटा, खिंडी आणि आसऱ्याच्या जागा दिसतात. गव्हर्नर आणि अभियंत्याचं नाव पाण्याला शंभर वर्षं पुरलं. गावातल्या पोरांच्या टी-शर्टवर मात्र राघोजींचं चित्र आहे.

जायचं कधी, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. जुलै-ऑगस्टात धबधबे मोप असतात, पण धुक्यात तळं दिसलं तर दिसलं, आणि घाटघरच्या रस्त्यावर दरड कधी येईल याचा नेम नाही. धरण साधारण १५ ऑगस्टच्या सुमारास भरतं अशी जुनी परंपरा आहे. भरलं की नगरचे पेपर तसा मथळा देतात, आणि पुढच्या रविवारी शेंडीत गाडी लावायला जागा राहत नाही. सोंडांचं द्वीपकल्प बघायचं असेल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर उत्तम. पाऊस ओसरलेला, गवतात फुलं, तळं काठोकाठ. डिसेंबर-जानेवारीत थंडी कडाक्याची पडते आणि तंबूत दोन-दोन पांघरुणं लागतात. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे. हिरडा, बेहडा, ऐन, जांभूळ अशा झाडांवर ते हजारोंनी बसतात आणि एका लयीत उघडझाप करतात. ते बघायला येणाऱ्या गाड्यांचे दिवे मात्र उघडझाप करत नाहीत, लावलेलेच असतात. वनखातं आणि गावचे तरुण दिवे बंद करायला सांगत फिरतात. मादीला नराचा प्रकाश दिसला नाही तर पुढच्या वर्षीचे काजवे येणार कुठून, एवढं साधं गणित आहे.

पोहण्याचा मोह सगळ्यांना होतो. बुडालेल्या दरीचा काठ तो काठ नसतो, उतार असतो. दोन पावलांवर गुडघाभर असलेलं पाणी पाचव्या पावलाला डोक्यावर जातं, आणि खाली गाळ आहे की खडक ते कळत नाही. समुद्रकिनारी निदान जीवरक्षक असतात. इथे बोटवाला असतो, तोही त्याच्या बोटीपाशी.

एसटीने यायचं असेल तर अकोले किंवा राजूर गाठून शेंडीची गाडी धरता येते. रेल्वेने इगतपुरीला उतरलं तर पुढे पाऊण-एक तासाचा रस्ता आहे. तळ्याच्या फेऱ्यासाठी मात्र स्वतःचं वाहन किंवा शेंडीतून ठरवलेली जीप हवी. मुरशेतपासून पुढे मोबाइलची रेंज जाते-येते, तेव्हा तंबूचं आणि जेवणाचं आदल्या दिवशीच बोलून घ्यावं आणि रोख पैसे जवळ ठेवावेत.

येताना तांदूळ घ्यावा. दुकानातला नव्हे, जिथे जेवलात त्या घरातला. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि त्यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. त्यानंतर इथल्या जुन्या वाणांना गिऱ्हाईक मिळू लागलं आहे. दिवाळीच्या आधी गेलात तर नवा भात अजून खळ्यावर आलेला नसतो. मावशीने आम्हाला फोन नंबर लिहून दिला आणि कार्तिकात विचारायला सांगितलं. भाव ठरवलेला नाही, पण राजूरच्या बाजारभावापेक्षा किलोमागे दहा रुपये जास्त द्यायचे असं घरी ठरलं आहे, आणि मासा पुढच्या खेपेला आम्ही आमच्या हाताने तळणार आहोत, कारण तिच्या मते आम्हा खालच्या लोकांना तिखट झेपत नाही.